बातमीवर मत मांडलं, कोर्टात जाणार कोण? ऑस्ट्रेलियातल्या एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

नोव्हेंबर १९९२मध्ये मेलबर्नच्या ‘संडे हेरल्ड सन’ने एक पत्र छापलं. पत्रलेखक होते ब्रूस रक्स्टन. व्हिक्टोरियातल्या माजी सैनिकांच्या संघटनेचे हे अध्यक्ष, आणि जिभेला हाड नसलेले. मजूर पक्षाचे खासदार अँड्र्यू थिओफॅनस स्थलांतराच्या बाबतीत ग्रीकांना झुकतं माप देतात, असा त्यांचा रोख होता. थिओफॅनस यांनी अब्रुनुकसानीचा दावा ठोकला तो रक्स्टन यांच्यावर आणि पत्र छापणाऱ्या वृत्तपत्र कंपनीवरही. आठवड्याच्या बातम्यांवर आपलं मत देणाऱ्याचं आणि ते मत छापणाऱ्याचं काय होतं, हा प्रश्न ऑस्ट्रेलियात आज फेसबुकमुळे गाजत असला तरी त्याचं मूळ हे असं कागदावरचं आहे.

आपल्याकडे घटनेच्या कलम १९मध्ये अभिव्यक्तिस्वातंत्र्य स्पष्ट लिहिलेलं आहे, त्यावरच्या बंधनांसकट. ऑस्ट्रेलियाची १९०१ची घटना याबाबत गप्प आहे. संसद, राज्यं, कर, व्यापार यांची तरतूद तिच्यात आहे. नागरिकाने काय बोलावं याबद्दल कलम नाही. ही उणीव भरून काढली ती तिथल्या हायकोर्टाने, जे तिकडचं सर्वोच्च न्यायालय आहे. निवडणुकीच्या राजकीय जाहिरातींवर रेडिओ-टीव्हीवर बंदी घालणारा कायदा हॉक सरकारच्या काळात झाला होता. सप्टेंबर १९९२मध्ये कोर्टाने तो रद्द केला. कारण असं दिलं, की प्रतिनिधी लोकांनी निवडायचे असतील तर राजकारणावर लोकांना बोलता आलंच पाहिजे. घटनेत तसं लिहिलेलं नसलं तरी ते गृहीतच आहे.

त्यानंतर काही आठवड्यांतच रक्स्टन यांचं पत्र आलं. १९९४मध्ये चार विरुद्ध तीन अशा बहुमताने कोर्टाने या गृहीत स्वातंत्र्याचा आधार अब्रुनुकसानीच्या दाव्यातही घेता येईल असं म्हटलं. वृत्तपत्रांना हायसं वाटलं, पण ते फार दिवस टिकलं नाही. न्यूझीलंडचे माजी पंतप्रधान डेव्हिड लाँगी यांनी एबीसी या सरकारी प्रसारण संस्थेवर दावा केला होता. त्याचा निकाल देताना १९९७मध्ये कोर्टाने एकमताने हिशोब पुन्हा मांडला: हे स्वातंत्र्य म्हणजे माणसाच्या खिशातला हक्क नव्हे, सरकारच्या कायदे करण्याच्या अधिकारावरची ती मर्यादा आहे. राजकीय मजकूर छापणाऱ्याला बचाव मिळेल, पण त्याने वाजवी काळजी घेतली असेल तरच. माझ्या मते पुढचं सगळं या निकालातून येतं.

हे किती टोकाला जाऊ शकतं ते २०१९च्या बॅनर्जी खटल्यात दिसलं. स्थलांतर खात्यातल्या एका कर्मचारी बाईंनी टोपणनावाने ९,०००हून अधिक ट्वीट केली होती, त्यातली बरीचशी सरकारच्या निर्वासितविषयक धोरणावर ताशेरे ओढणारी. नाव उघड झालं, नोकरी गेली. हायकोर्टाने एकमताने सांगितलं, की बडतर्फीत घटनाबाह्य काही नाही. हक्क वैयक्तिक नाही म्हटल्यावर दुसरं काय होणार!

आपल्याकडचा अनुभव उलट आहे. २०१२मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या मुंबई बंदवर फेसबुकवर लिहिल्याबद्दल आणि ते लाइक केल्याबद्दल पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. त्यातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २०१५मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला गुन्हा ठरवणारं कलम, रद्द केलं. त्याला लेखी हक्काचा आधार होता.

इंटरनेटने आणखी एक पेच आणला. अमेरिकेतल्या ‘बॅरन्स’ या नियतकालिकात मेलबर्नचे उद्योगपती जोसेफ गटनिक यांच्यावर लेख आला. त्यांनी दावा लावला मेलबर्नमध्ये; सर्व्हर होता न्यू जर्सीत. २००२मध्ये हायकोर्ट म्हणालं, मजकूर जिथे उघडून वाचला जातो तिथे तो प्रकाशित होतो. म्हणजे पुण्यात बसून लिहिलेली कमेंट मेलबर्नमध्ये वाचली गेली, तर तत्त्वतः दावा मेलबर्नमध्येही होऊ शकतो.

मग आलं डिलन व्होलर प्रकरण. जुलै २०१६मध्ये एबीसीच्या ‘फोर कॉर्नर्स’ कार्यक्रमात नॉर्दर्न टेरिटरीतल्या बालसुधारगृहांमधली दृश्यं दाखवली गेली. डोक्यावर आवरण घालून खुर्चीला जखडलेला मुलगा म्हणजे व्होलर. दुसऱ्याच दिवशी पंतप्रधान टर्नबुल यांनी चौकशी आयोगाची घोषणा केली. वृत्तसंस्थांनी या बातम्या आपापल्या फेसबुक पेजवर टाकल्या आणि खाली वाचकांनी व्होलरवर वाटेल ते आरोप केले. त्याने वाचकांवर नव्हे, ‘सिडनी मॉर्निंग हेरल्ड’, ‘द ऑस्ट्रेलियन’ आणि स्काय न्यूज चालवणाऱ्या कंपन्यांवर दावा लावला. ८ सप्टेंबर २०२१ला हायकोर्टाने पाच विरुद्ध दोन मतांनी ठरवलं: पेज उघडून लोकांना कमेंट करायला बोलावलं, म्हणजे त्या कमेंटचे प्रकाशक तुम्हीच. कमेंट वाचलीही नव्हती, ही सबब चालली नाही. सीएनएनने ऑस्ट्रेलियात आपलं फेसबुक पेज बंद केलं. मोठ्या कंपन्यांकडे निदान वकील असतात. गल्लीतल्या क्रिकेट क्लबचं पेज सांभाळणाऱ्यानेही हा निकाल वाचला असेल तर त्याला घाम फुटला असणार.

त्याच सुमारास मंत्री पीटर डटन यांनी एका निर्वासित-हक्क कार्यकर्त्यावर सहा शब्दांच्या ट्वीटबद्दल दावा केला. २०२१मध्ये ते जिंकले, ३५,०००हून अधिक डॉलर भरपाईही मंजूर झाली. मे २०२२मध्ये अपिलात निकाल फिरला. ट्वीटसोबत बातमीची लिंक होती, ती मिळूनच ते वाचलं पाहिजे, असं न्यायाधीशांनी धरलं. बातमी खाली असली की मताचा अर्थ बदलतो, ही साधी गोष्ट कोर्टात सिद्ध व्हायला इतका खटाटोप लागला.

जुलै २०२४पासून न्यू साउथ वेल्समध्ये कायदा बदलला आहे. पेज चालवणाऱ्याने तक्रारीची सोपी सोय ठेवली आणि तक्रार आल्यावर सात दिवसांत वाजवी पावलं उचलली, तर त्याला बचाव मिळतो. अब्रुनुकसानीचा कायदा तिथे राज्यांच्या हातात असल्याने प्रत्येक राज्याला तो आपापल्या विधिमंडळात मंजूर करावा लागतो. कमेंट लिहिणाऱ्यासाठी मात्र या बचावात काही नाही.