फिटच्या गोळ्या: गुण आधी दिसला, दुष्परिणाम मागाहून कळले

फिट येणाऱ्या माणसाच्या घरात दोन प्रश्न हमखास निघतात. गोळ्या किती वर्षं घ्यायच्या, आणि एवढ्या वर्षांत त्या अंगाला काय करतील? यातल्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरांनाही औषधाबरोबर मिळालेलं नाही. ते मिळायला कधी वर्ष लागलं, कधी वीस वर्षं, आणि बहुतेक वेळा ते गोळ्या घेणाऱ्यांच्याच शरीरावरून कळलं. हा उशीर का झाला, हे मला या इतिहासात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं.

सुरुवात 11 मे 1857 ची. लंडनमध्ये डॉक्टरांच्या एका सभेत अपस्मारावर, म्हणजे फिटच्या आजारावर, निबंध वाचला गेला. अध्यक्ष होते सर चार्ल्स लोकॉक, राणी व्हिक्टोरियाची बाळंतपणं करणारे डॉक्टर. पाळीच्या सुमारास फिट येणाऱ्या स्त्रियांना आपण पोटॅशियम ब्रोमाइड दिलं आणि एक रुग्ण सोडता सगळ्यांना गुण आला, असं त्यांनी चर्चेत सांगितलं. कामवासनेमुळे फिट येतात आणि ब्रोमाइड ती शमवतं, ही त्यांची समजूत साफ चुकीची होती. औषध मात्र खरोखर लागू पडलं आणि पुढची पन्नासेक वर्षं तेच मुख्य औषध राहिलं. ब्रोमाइड शरीरातून फार सावकाश बाहेर पडतं, अर्धं जायलाच साधारण 12 दिवस लागतात. त्यामुळे रोज घेत गेलं की ते साठत जायचं. चेहऱ्यावर फोड, जड जीभ, विसराळूपणा, कधी भ्रम. यातलं आजाराचं किती आणि औषधाचं किती, हे ओळखणं अवघड होतं.

1912 मध्ये जर्मनीत फ्रायबुर्गला आल्फ्रेड हाउप्टमान या तरुण डॉक्टरने वॉर्डातल्या रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून फिनोबार्बिटाल द्यायला सुरुवात केली. झोप तर लागलीच, शिवाय रात्रीच्या आणि दिवसाच्याही फिट कमी झाल्या. आपल्याकडे अनेकांच्या घरात आलेली ‘गार्डिनाल’ ती हीच. मेंदूत पेशींना शांत करणारं ‘गाबा’ नावाचं रसायन असतं, त्याचा परिणाम ही गोळी वाढवते. एकाच वेळी असंख्य पेशी पेटल्यासारख्या चालू होण्याने फिट येते, ते त्यामुळे आवरतं. पण गाबा काही फक्त फिटच्याच जागी काम करत नाही, म्हणून गुंगी येते. लहान मुलांत उलट चिडचिड आणि चंचलपणा वाढलेला दिसतो. औषधाचा गुण आणि त्याचा त्रास एकाच कामातून येतात, हे इथे स्वच्छ दिसतं. ही गोळी अचानक बंद केली तर थांबता न थांबणारी फिट येऊ शकते, हेही तेव्हापासूनचंच.

झोप न आणता फिट थांबवता येईल का, हा प्रश्न बॉस्टनमधल्या ट्रेसी पटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी धसास लावला. त्यांनी मांजरांना मोजून विजेचा झटका देण्याची पद्धत बसवली. किती झटक्याला फिट येते हे आधी पाहायचं, मग औषध देऊन तीच मर्यादा किती वर सरकते ते पाहायचं. औषध नुसतं हाती लागण्याची वाट न पाहता ते शोधण्याची रीत इथे सुरू झाली. पार्क-डेव्हिस कंपनीकडून आलेल्या रसायनांत फेनिटॉइन होतं. ते 1908 मध्ये जर्मनीत तयार झालेलं, पण झोप आणत नाही म्हणून निरुपयोगी ठरलेलं. 1938 मध्ये त्याचे रुग्णांवरचे निष्कर्ष छापून आले आणि वर्षभरातच हिरड्या सुजून दातांवर चढत असल्याच्या नोंदीही आल्या.

‘एप्टॉइन’ या नावाने आपल्याकडे घरोघर माहीत असलेलं हे औषध पेशींतल्या सोडियमच्या वाटा आवळतं. अतिवेगाने संदेश सोडणाऱ्या पेशी त्याने थंडावतात. डोस जास्त झाला की तोल जातो, एकाचे दोन दिसतात, दारू प्यायल्यासारखी चाल होते. अवघड भाग असा, की फेनिटॉइन निकामी करण्याची यकृताची ताकद ठरावीक असते. ती संपली की एखादी छोटी गोळी वाढवल्यानेही रक्तातली पातळी एकदम उसळते. 1968 मध्ये ऑस्ट्रेलियात तर डोस तोच असताना अनेकांना विषबाधेसारखा त्रास झाला. तपासाअंती कळलं, की कॅप्सूलमध्ये भरायची निरुपद्रवी पूड बदलली होती. कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज घातलं गेलं, आणि आधी पुरतं न शोषलं जाणारं औषध आता भरपूर शोषलं जाऊ लागलं. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची गोळी दिली तर डॉक्टरांच्या कानावर घाला, असं न्यूरोलॉजिस्ट सांगतात, त्यामागे हा अनुभव आहे.

कार्बामाझेपिन हे फिटवरचं आणखी एक औषध स्वित्झर्लंडमध्ये 1953 ला तयार झालं. ते घेताना अंगावर पुरळ, तोंडात फोड, ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. आशियातल्या काही लोकांत एका विशिष्ट जनुकामुळे अशा गंभीर पुरळाचा धोका फार वाढतो, हे 2004 मध्ये तैवानच्या संशोधकांनी दाखवलं.

व्हॅल्प्रोएटची गोष्ट मात्र मनाला फार लागते. 1882 मध्ये तयार झालेलं हे द्रव्य ऐंशी वर्षं केवळ इतर रसायनं विरघळवण्यासाठी वापरलं जायचं. फ्रान्समध्ये ग्रनोब्लला पिएर एमार भलतीच संयुगं तपासत होते. त्या संयुगांनी प्राण्यांतली फिट थांबू लागली, आणि शेवटी गुण त्यांचा नसून ज्यात ती विरघळवली त्या द्रव्याचा आहे, हे ध्यानात आलं. 1967 पासून ते फ्रान्समध्ये विकलं जाऊ लागलं. अनेक प्रकारच्या फिटवर चालणारं खरोखर गुणी औषध. 1982 मध्ये लियोंमधल्या जन्मदोषांच्या नोंदींतून दिसलं, की गरोदरपणात ते घेतलेल्या आयांच्या बाळांत पाठीच्या कण्याचा दोष जास्त आहे. आता कळतं ते असं: अशा 100 बाळांपैकी साधारण 10 मध्ये जन्मजात मोठा दोष असतो, एरवी तो 2-3 मध्ये. शिवाय 30 ते 40 मुलांत बोलणं, शिकणं, वागणं यांत अडचणी येतात. हे दुसरं कळायला आणखी खूप वर्षं गेली, कारण ते जन्मताच दिसत नाही, मूल शाळेत जाईपर्यंत थांबावं लागतं. काहीतरी चुकतंय असं आया सांगत होत्या, आणि पुष्कळदा त्यांचं ऐकलं गेलं नाही. स्त्रियांना हे औषध देण्याबाबतचे युरोपातले कडक नियम 2018 चे आहेत. भारतात तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने 1998 पासून अपस्मार असलेल्या गरोदर स्त्रियांची नोंद ठेवायला सुरुवात केली, हे काम मोलाचं आहे.

आपल्याकडे या उशिराला लग्नाचीही जोड आहे. 1976 च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात वारंवार येणारी फिट हे लग्न रद्द करून घेण्याचं कारण ठरलं. ते 1999 मध्ये काढलं गेलं, पण भीती घरांत राहिली. मुलीच्या गोळ्या स्थळापासून लपवल्या जातात, सासरी त्या चोरून घ्याव्या लागतात, डोस चुकतात, आणि दिवस गेल्यावरच डॉक्टरांना कळतं. तोवर व्हॅल्प्रोएटमुळे कण्याचा दोष व्हायचा तो झालेला असू शकतो, कारण कणा पहिल्या महिन्यातच घडतो. म्हणून गोळी बदलायची तर दिवस राहण्याच्या काही महिने आधी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, एक कमी करत दुसरी वाढवत. फॉलिक ॲसिडही आधीपासूनच. आणि दिवस गेल्याचं कळलं म्हणून घाबरून कुठलीच गोळी स्वतःहून बंद करायची नाही, त्याच आठवड्यात न्यूरोलॉजिस्टला भेटायचं.