चाचेछावणी : घरगुती सामग्री आणि सजावट

सागरी चाच्यांच्या काळाचे जिवंत दर्शन घडवणारी हौशी मंडळी आपल्या छावणीसाठी ज्या वस्तू घरीच तयार करतात त्या सर्वांचा समावेश या नोंदीत होतो : पेट्या, पिंपे, निशाणे, कंदील, नाणी, दोरकाम, खोट्या तोफा, तंबू आणि त्यांची मांडणी. ही हौस प्रामुख्याने अमेरिका आणि ब्रिटनमध्ये रुजली. फ्लोरिडातील टँपा येथे १९०४ पासून गॅस्पारिला उत्सव साजरा होतो, मात्र तो ज्याच्या नावाने होतो तो होझे गास्पार हा चाचा दंतकथेतला आहे. त्याच राज्यातील सेंट ऑगस्टीन येथे रॉबर्ट सर्ल या चाच्याच्या १६६८ मधील धाडीचा, तर नॉर्थ कॅरोलायनातील बोफर्ट येथे १७४७ मधील स्पॅनिश हल्ल्याचा प्रसंग उभा केला जातो. इंग्लंडमधील हेस्टिंग्ज येथे २२ जुलै २०१२ रोजी १४,२३१ माणसे चाच्यांच्या वेशात एकत्र जमली होती आणि तो विक्रम ठरला. असल्या मेळाव्यांत बहुतेकांचा भर वेशावर असतो. छावणी उभारणाऱ्यांचे काम वेगळे असते. लोक त्यांच्या तंबूत डोकावतात, पेटी उघडून पाहतात, नाणे हातात घेतात, आणि मग त्या वस्तूंचा खरेखोटेपणा लपत नाही.

चाच्यांनी किनाऱ्यावर छावणी का टाकावी, याला इतिहासात सबळ कारण आहे. उष्ण समुद्रात जहाजाच्या तळाला शिंपले आणि शेवाळ चिकटत, लाकूडकिडा फळ्या पोखरून टाकी. सरकारी गोदीत जायची सोय नसल्याने चाचे एखाद्या आडवळणाच्या खाडीत शिरून जहाज उथळ पाण्यात एका कुशीवर कलंडवत, तळ खरवडत आणि गंधक-राळ-चरबी फासून पुन्हा सरळ करत. त्याआधी जहाज हलके करण्यासाठी तोफा, पिंपे, पेट्या, शिडे, सगळे उतरवून वाळूवर मांडावे लागे. वल्ही आणि डोलकाठ्यांवर शिडाचे कापड टाकले की तंबू तयार. हौशी छावणीलाही हाच प्रसंग सर्वांत शोभतो, कारण त्यात प्रत्येक वस्तू किनाऱ्यावर असण्याला कारण मिळते. तंबू कापडी दुकानातला, चकचकीत आणि रंगीत असेल तर बाकी कितीही मेहनत घेतली तरी वाया जाते. बहुतेक जण सुती कॅनव्हास वापरतात. त्या काळी शिडे लिननची किंवा हेम्पची (भांगेच्या झाडाच्या धाग्याची) असत, पण रंग कच्च्या कापडाचा ठेवला आणि शिवण दिसती ठेवली तर सुती कापड चालून जाते.

या कलेत सर्वाधिक घात होतो तो वस्तू 'जुनी' दिसावी या हव्यासापायी. कागद जाळून त्याच्या कडा काळ्या करायच्या, पेटीवर गंजाचे ओघळ काढायचे, दोर मुद्दाम कुजवायचे, असे प्रकार सर्रास दिसतात. पण १७१८ साली जगणाऱ्या माणसाच्या हातातली पेटी तीनशे वर्षांची नव्हती. ती फार तर आठ-दहा वर्षांची असे, तिचे कोपरे झिजलेले असत, एखादी बिजागरी बदललेली असे. लुटीवर जगणाऱ्या टोळीचे सामानही एका घडणीचे नसे. या जहाजावरची किटली, त्या जहाजावरचा कंदील आणि खलाशाने स्वतः ठिगळ लावलेली पिशवी असा तो संसार असे. म्हणून वापरलेले, दुरुस्त केलेले आणि एकमेकांशी न जुळणारे सामान हीच चाचेछावणीची खरी खूण. घरगुती कामाला याचा मोठा फायदा होतो, कारण हाताने केलेल्या दुरुस्तीची सर कारखान्यातल्या वस्तूला येत नाही.

नक्कल कशाची करायची हे ठरवायला समुद्रतळाने भरपूर पुरावा ठेवला आहे. जमैकातील पोर्ट रॉयल शहराचा मोठा भाग ७ जून १६९२ च्या भूकंपात पाण्याखाली गेला आणि त्याबरोबर घरातली भांडी, मातीच्या चिलमी, कांद्याच्या आकाराच्या हिरवट बाटल्या जशाच्या तशा राहिल्या. सॅम्युएल बेलमी या चाच्याचे 'व्हिडा' हे जहाज २६ एप्रिल १७१७ रोजी अमेरिकेतील केप कॉडजवळ बुडाले आणि १९८४ मध्ये सापडले. पुढच्या वर्षी नाव कोरलेली त्याची घंटा हाती लागली आणि ओळख पक्की झाली. ब्लॅकबिअर्ड या चाच्याच्या 'क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज' जहाजाचे अवशेष १९९६ मध्ये बोफर्टजवळ मिळाले, त्यातल्या अनेक वस्तू तिथल्या सागरी संग्रहालयात पाहायला मिळतात. छावणीसाठी काही बनवायला घेण्याआधी या तीन ठिकाणांच्या वस्तूंची छायाचित्रे डोळ्यांखालून घालावीत, निम्मी चूक तिथेच टळते.

खलाशाची पेटी हे छावणीचे मुख्य सामान. गोल घुमटाच्या झाकणाची, पितळी पट्ट्यांची 'खजिन्याची पेटी' बाजारात सहज मिळते, पण खलाशाच्या पेटीचे झाकण सहसा सपाट असे. त्यावर बसता येई, जेवता येई, पत्ते मांडता येत. घरी करायची झाल्यास पाइनच्या रुंद फळ्या पुरतात. फळ्यांवरच्या यंत्राच्या खुणा हातरंध्याने काढून टाकाव्यात. हाताने रंधा मारलेल्या पृष्ठभागावर येणाऱ्या बारीक लाटा तिरप्या उजेडात लगेच दिसतात आणि पाहणाऱ्याची खात्री पटते. आजच्या गोल तारेच्या खिळ्यांची डोकी उघडी दिसू देऊ नयेत. त्या काळचा खिळा घडीव, चौकोनी अंगाचा आणि ठोकून पैलू पाडलेल्या डोक्याचा असे. असे खिळे विकत मिळतात. परवडत नसतील तर स्क्रू आतून मारावेत. रंगासाठी सोपा उपाय असा : बारीक स्टील वूल (लोखंडी तारांचा गुंता) व्हिनेगरमध्ये बुडवून दिवसभर ठेवायचे, बरणीचे झाकण मात्र सैल असावे कारण आत वायू सुटतो. हे पाणी ओकच्या लाकडाला लावले की लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे ते करडे-काळे पडते. पाइनमध्ये टॅनिन जवळपास नसते, म्हणून त्यावर आधी कडक काळ्या चहाचा हात द्यावा, तो वाळला की मग हे पाणी फिरवावे. डोळ्यांदेखत रंग उतरतो, आणि तो वरून फासलेला वाटत नाही.

पेटीच्या दोन्ही बाजूंच्या दोराच्या मुठींवरून करणाऱ्याची जातकुळी कळते. बाजूला लाकडाचा ठोकळा बसवून त्याला आरपार भोक पाडतात आणि त्यातून दोराचा वेढा ओवतात. दोराची टोके पीळ उकलून एकमेकांत विणायची, गाठ मारून सोडायची नाहीत. मुठीवर कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर बारीक सुतळीचे घट्ट वेढे चढवले की हाताला ती टोचत नाही. हौशी लोक मनिला दोर वापरतात, दिसायला तो चांगला दिसतो. मात्र तो जहाजांवर रुळला एकोणिसाव्या शतकात, चाच्यांच्या काळातला दोर हेम्पचा. पाइनच्या डांबरात जवसाचे तेल मिसळून दोराला चोळले की तपकिरी रंगाबरोबर जहाजाचा तो विशिष्ट वासही छावणीत येतो, आणि माझ्या मते वासाइतकी वातावरण उभे करणारी दुसरी सजावट नाही.

नाण्यांत कलाकुसरीला वाव जास्त आहे. स्पॅनिश वसाहतींतील 'आठ रियाल'चे नाणे म्हणजे सुमारे २७ ग्रॅम चांदी. मेक्सिको आणि पोतोसी येथील टाकसाळींत चांदीच्या लगडीचे तुकडे छाटून, वजनाबरहुकूम कातरून, हातोड्याने ठसा मारला जाई. त्यामुळे ही नाणी गोल नसत. कुठे कोपरा तुटलेला, कुठे कडेला तडा, ठसा अर्धाच उमटलेला. नक्कल करणारे शिसेविरहित कथील मिश्रधातू सिलिकॉनच्या साच्यात ओततात. एकाच साच्यातून शंभर नाणी काढली की ती जुळी भावंडे वाटतात, म्हणून ओतल्यावर प्रत्येकाची कड कात्रीने वेगळी कापावी, एक-दोन घाव घालावेत, काळा रंग खोबणीत भरून वरचा पुसून घ्यावा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने नकली नाण्यावर 'कॉपी' हा शब्द ठसवणे बंधनकारक आहे, आणि तो ठसवावाच.

इथे हिंदुस्थानचा खरा संबंध येतो. सप्टेंबर १६९५ मध्ये हेन्री एव्हरी या चाच्याने येमेनमधील मोखाहून सुरतेकडे परतणारे 'गंज-इ-सवाई' हे मोगल जहाज लुटले. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये २०१४ साली १६९३ चे एक येमेनी नाणे सापडले, ते या लुटीतले असावे असे मानले जाते. तांबड्या समुद्राकडे गेलेल्या टोळीची छावणी दाखवायची असेल तर पेटीत स्पॅनिश नाण्यांबरोबर सुमारे साडेअकरा ग्रॅमचा, फारसी अक्षरांचा मोगल रुपयाही असला पाहिजे. छावणीत तो जवळपास कुठेच दिसत नाही. कापडाचेही तसेच. हिंदी छिटे आणि सुती कापड त्या काळी जगभर जात होते. जॅक रॅकम या चाच्याला 'कॅलिको जॅक' हे नाव त्याच्या सुती (कॅलिको) कपड्यांवरून पडले. पेटीतून डोकावणारा छापील छिटाचा तुकडा पॉलिस्टरच्या लाल जरीकापडापेक्षा दहापट खरा वाटतो.

निशाणाबाबत गैरसमज फार. कवटी, हाडे आणि वाळूचे घड्याळ असलेल्या काळ्या निशाणाची पहिली पक्की नोंद १७०० सालची, फ्रेंच कप्तान इमॅन्युएल विन याच्या जहाजाची. ब्लॅकबिअर्डच्या नावाने विकले जाणारे, सांगाडा हृदयाला भाला मारतो असे निशाण त्याने फडकवल्याचा समकालीन पुरावा नाही. घरी निशाण शिवताना लोकरीचे पातळ कापड घ्यावे. पांढरी आकृती वर शिवून मागच्या बाजूचे काळे कापड कापून काढले की ती दोन्हीकडून दिसते. कवटी किंचित वाकडी आली तर बरेच, ती शिडे शिवणाऱ्या खलाशाच्या हातची होती.

पुरलेला खजिना आणि फुलीचा नकाशा ही स्टीव्हन्सनच्या १८८३ मध्ये पुस्तकरूपाने आलेल्या 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीची देणगी. विल्यम किड या चाच्याने १६९९ मध्ये गार्डिनर्स बेटावर काही ऐवज पुरला होता हे खरे, पण ती अपवादात्मक गोष्ट. नकाशाऐवजी टोळीचा करारनामा मांडावा : लुटीचा वाटा, जखमेची भरपाई, जुगाराला बंदी, आणि खाली सह्या व अंगठ्यांसारख्या खुणा. चाच्यांनी असे करार खरोखर केले होते, आणि मुलांना ते वाचताना मजा येते. कागद चिंध्यांपासून केलेला, पांढरट असावा.

पिंपांसाठी अमेरिकेत एक सोय आपसूक झाली आहे. बर्बन व्हिस्की आतून जाळलेल्या नव्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे एकदा वापरलेली, सुमारे २०० लिटरची पिंपे विक्रीला येत राहतात. कोरडी पडली की फळ्या आकसतात आणि लोखंडी पट्ट्या गळून येतात, म्हणून पट्ट्या आतून स्क्रूने धराव्यात. तळ नसलेली पेटी किंवा अर्धे पिंप बर्फाच्या प्लास्टिक पेटीवर पालथे घातले की आधुनिक जग झाकले जाते. अग्निशामक नळकांड्यावर मात्र फक्त सैल कॅनव्हास टाकावा, ते क्षणात हाती आले पाहिजे.

वैद्याचे टेबल हे प्रेक्षकांचे आवडते ठिकाण. मे १७१८ मध्ये ब्लॅकबिअर्डने अमेरिकेतील चार्ल्सटन बंदर अडवून खंडणी मागितली ती औषधांच्या पेटीची, आणि त्याच्या जहाजाच्या अवशेषांत, तेव्हा औषध म्हणून वापरत त्या पाऱ्याचे अंश असलेली पिचकारी मिळाली आहे. लाकडी खोके, मेणाने बंद केलेल्या बाटल्या, खलबत्ता, करवत आणि पट्ट्यांच्या गुंडाळ्या एवढ्यावर ते उभे राहते. शेजारी जहाजी बिस्किटे ठेवावीत : कणीक, पाणी, मीठ, भोके पाडून मंद आचेवर कोरडी होईपर्यंत भाजायची. ती वर्षानुवर्षे टिकतात.

काँक्रीटचे खांब ओतायला वापरतात तो जाड पुठ्ठ्याचा साचा, दोराची कडी आणि मागे लाकडी गोळा यांतून तोफ होते. खऱ्या दारूची तोफ प्रशिक्षित पथकाखेरीज कुणी हाताळू नये. मेणबत्ती कॅनव्हासखाली लावू नये, कंदिलात पिवळसर कागदामागे एलईडी दिवा ठेवला तर त्या काळच्या शिंगाच्या तावदानाचा भास छान होतो. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून टाकल्या तर आपोआप पेट घेतात. त्या उघड्यावर पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या डब्यात ठेवाव्यात.

सजावट म्हणून बेड्या टांगण्याची प्रथा मात्र सोडायला हवी. 'व्हिडा' आणि 'क्वीन अ‍ॅन्स रिव्हेंज' ही दोन्ही जहाजे आधी गुलामांची ने-आण करणारी होती. बेडी दाखवायचीच असेल तर ती कुणाच्या पायात होती हे सांगणारा माणूस शेजारी उभा असावा. तसेच कान्होजी आंग्र्यांचे. इंग्रज कंपनीच्या लिखाणात त्यांना चाचा म्हटले गेले, आणि काही याद्यांतून ते नाव अजून फिरते. ते मराठी आरमाराचे सरखेल (प्रमुख) होते, १७२९ मध्ये मृत्यू होईपर्यंत कोकण किनारा राखत होते. ब्लॅकबिअर्डच्या शेजारी त्यांचे निशाण लावणे इतिहासाला धरून नाही.

हंगाम संपल्यावर कॅनव्हास पूर्ण वाळवूनच घडी घालतात, ओल राहिली तर बुरशीचे काळे ठिपके पुन्हा जात नाहीत. दोरही तसेच सुकवून, सैल वेटोळी करून टांगतात. पिंपे सावलीत ठेवून अधूनमधून ओली करतात, आणि पेटीच्या बिजागऱ्यांना तेलाचा हात देऊन तिच्यातच नाणी, करारनामा आणि निशाण भरून ठेवतात.