इको आणि सेव्ह: न केलेली खरेदी आणि राखलेली बंदूक

३१ मार्च २०२४ च्या रात्री इंदिरानगरमधील एका मित्राच्या घरी आम्ही पाच जण काउंटर-स्ट्राइक २ या नेमबाजीच्या व्हिडिओ गेमच्या पहिल्या मेजर, म्हणजे सर्वांत मोठ्या, स्पर्धेचा अंतिम सामना पाहत बसलो होतो. कोपनहेगनमध्ये नॅटस विन्सेरे आणि फेझ क्लॅन समोरासमोर होते, आणि तो सामना नॅटस विन्सेरेने २-१ असा जिंकला. या खेळात प्रत्येक राउंडला एक संघ ठरलेल्या जागी, म्हणजे साइटवर, बॉम्ब लावायला बघतो आणि दुसरा बचाव करतो. मध्येच एका राउंडमध्ये बचाव करणाऱ्या संघाचे उरलेले खेळाडू लावलेल्या बॉम्बकडे पाठ फिरवून नकाशाच्या दुसऱ्या टोकाला निघाले, तेव्हा आमच्यातला एक जण वैतागून म्हणाला, ‘‘पुन्हा इको केला यांनी.’’ प्रत्यक्षात तो इको नव्हता, सेव्ह होता. हा गोंधळ नवख्या प्रेक्षकांपुरता मर्यादित नाही, कारण खेळणारेही शस्त्रे खरेदी न केलेल्या राउंडला सर्रास ‘सेव्ह राउंड’ म्हणतात, आणि मग दोन अगदी वेगळे निर्णय एकाच शब्दाखाली जातात.

फरक आधी एका वाक्यात सांगतो. इको हा राउंड सुरू होण्यापूर्वी खेळातल्या पैशाबद्दल घेतलेला निर्णय आहे, तर सेव्ह हा राउंड चालू असताना हातातल्या शस्त्राबद्दल घेतलेला निर्णय आहे. इकोमध्ये संपूर्ण संघ ठरवून खर्च टाळतो. सेव्हमध्ये खर्च आधीच झालेला असतो, राउंड हातून गेल्यातच जमा असतो, आणि जिवंत उरलेले एक-दोन खेळाडू आपली बंदूक पुढच्या राउंडपर्यंत पोहोचवण्याचा प्रयत्न करतात.

इको का करावा लागतो, हे आकड्यांतून लगेच कळते. काउंटर-स्ट्राइकमध्ये प्रत्येक खेळाडू ८०० डॉलरने सुरुवात करतो. समजा बचाव करणाऱ्या संघाने ते सगळे पहिल्याच पिस्तूल राउंडमध्ये खर्च केले आणि राउंड गमावला, तर प्रत्येकाला पराभवाचा भत्ता म्हणून १,९०० डॉलर मिळतात. दुसऱ्या राउंडमध्ये काहीच न घेता तो राउंडही सोडला, तर त्यात २,४०० ची भर पडून हातात ४,३०० येतात. एम४ए१-एस रायफल २,९०० ची, शिरस्त्राणासह चिलखत १,००० चे आणि बॉम्ब निकामी करण्याचे किट ४०० चे, म्हणजे बेरीज बरोबर ४,३००. ग्रेनेडसाठी छदामही उरत नाही, पण तिसऱ्या राउंडला पाचही जण रायफल घेऊन उभे राहू शकतात. हेच १,९०० दुसऱ्या राउंडला उधळले, ज्याला फोर्स बाय म्हणतात, आणि राउंड हरला, तर तिसऱ्या राउंडला हातात फक्त २,४०० असतात व त्यात एम४ए१-एससुद्धा बसत नाही.

इको म्हणजे राउंड सोडून देणे, असे मात्र कोणी समजू नये. व्यावसायिक संघ इकोमध्ये पाचही पिस्तुले एकाच साइटवर दाटीने बसवतात, समोरचा संघ नेमका तिथेच आला तर एखादी रायफल हिसकावून घेता येईल, या आशेवर. हल्ला करणाऱ्या संघाचा इको तर आणखी आक्रमक असतो, कारण हरतानाही बॉम्ब लावता आला तर प्रत्येकाच्या खात्यात जादा रक्कम पडते. त्यामुळे इकोमध्ये खेळाडू बहुधा पुढे सरकताना दिसतात आणि सेव्हमध्ये मागे हटताना. पडद्यावर दोन्ही ओळखण्याची माझी सर्वांत भरवशाची खूण हीच आहे.

आता सेव्ह जवळून पाहू. बॉम्ब लागल्यापासून ४० सेकंदांनी फुटतो आणि तो निकामी करायला किट असेल तर ५, नसेल तर १० सेकंद लागतात. समजा २० सेकंद उरले आहेत, बचाव करणारे दोन जण चार जणांसमोर आहेत, आणि त्या दोघांपैकी एकाच्या हातात एडब्ल्यूपी ही दुर्बिणीची स्नायपर रायफल आहे, जिला खेळाडू ‘ऑप’ म्हणतात. चार जणांना हटवून, वर ५ सेकंद राखून साइट परत मिळवणे कागदावर शक्य असते. पण ती बंदूक ४,७५० डॉलरची आहे, आणि तिने केलेल्या प्रत्येक किलला फक्त १०० डॉलर मिळतात, जिथे साध्या रायफलीला ३०० मिळतात. म्हणजे ऑप स्वतःची किंमत फार हळू वसूल करते, आणि एकदा गेली की पुन्हा घ्यायला सगळ्यांत जड पडते. म्हणून संघाचा नेता त्या दोघांना माघारी बोलावतो. ते अशा कोपऱ्यात जातात, जिथे स्फोटाची झळ पोहोचत नाही आणि शत्रूला शोधत येण्यास वेळ लागतो. विजयी संघही त्यांच्या मागे धावतो, कारण पळणाऱ्याच्या हातातली ऑप पाडली तर पुढच्या राउंडचे गणित बिघडते. या शेवटच्या दहा-पंधरा सेकंदांत प्रेक्षक कंटाळून चहाला उठतात, मला मात्र सामन्याचा पुढचा भाग तिथेच ठरताना दिसतो.

सेव्हचा भाव दोन्ही बाजूंना सारखा नसतो, आणि इथे विश्लेषण करणारेही घसरतात. बचाव करणारा खेळाडू बंदूक घेऊन वाचला, तरी त्याला पराभवाचा भत्ता पूर्ण मिळतो. हल्ला करणारा खेळाडू मात्र बॉम्ब न लावता वेळ संपेपर्यंत जिवंत राहिला, तर त्याला भत्त्याचा एक डॉलरही मिळत नाही. २,७०० ची एके-४७ वाचवण्यासाठी ३,४०० पर्यंतच्या भत्त्यावर पाणी सोडायचे का, असा तो प्रश्न असतो, आणि त्याचे उत्तर पुष्कळदा ‘नाही’ असेच येते. म्हणून हल्लेखोर शेवटच्या सेकंदांत वेड्यासारखे साइटवर धावताना दिसले, तर तो उतावळेपणा नसून हिशेब असण्याची शक्यता जास्त.

व्हॅलोरंट या अशाच दुसऱ्या खेळाने हा नियम दोन्ही बाजूंना लावला आहे. आपल्याकडच्या अनेकांनी व्हॅलोरंटचे व्यावसायिक सामने नियमित पाहायला सुरुवात केली ती २०२३ मध्ये मुंबईचा ग्लोबल ईस्पोर्ट्स संघ पॅसिफिक लीगमध्ये उतरल्यावर, आणि काउंटर-स्ट्राइकवरून आलेल्या प्रेक्षकाची इथेच फसगत होते. या खेळात पराभवाचा भत्ता सलग पराभवांनुसार १,९००, २,४०० आणि २,९०० क्रेडिट (तिथले पैसे) असा वाढतो, पण हल्लेखोर स्पाइक, म्हणजे तिथला बॉम्ब, न लावता वाचला, किंवा बचाव करणारा स्पाइक फुटल्यावरही जिवंत राहिला, तर त्याला फक्त १,००० मिळतात. सलग तिसऱ्या पराभवात याचा अर्थ १,९०० क्रेडिटची घट. २,९०० ची व्हँडल रायफल वाचवली तर हा सौदा तरीही फायद्याचा ठरतो. १,६०० ची स्पेक्टर बंदूक वाचवली आणि अंगावरची ढाल जवळपास संपलेली असेल, तर खेळाडूने ३०० क्रेडिट चक्क गमावलेले असतात. अशा वेळी समालोचक ‘चांगला सेव्ह’ म्हणाले, तरी मी मान डोलवत नाही.

आकडेवारीच्या तक्त्यांनीही या गोंधळात भर घातली आहे. व्हॅलोरंटच्या सामन्यांची नोंद ठेवणाऱ्या संकेतस्थळांवर संघाजवळच्या एकूण सामग्रीची किंमत ५,००० क्रेडिटखाली असेल तर तो राउंड इको धरला जातो. पण आदल्या राउंडमध्ये एखाद्याने ४,७०० ची ऑपरेटर ही बंदूक वाचवली असेल आणि बाकीच्यांनी किरकोळ पिस्तुले घेतली असतील, तर बेरीज सहज ५,००० च्या पुढे जाते, आणि वृत्तीने पूर्णपणे इको असलेला राउंड तक्त्यात वरच्या गटात जाऊन बसतो. तेव्हा ‘हा संघ इको राउंड फार कमी खेळतो’ असा निष्कर्ष काढण्यापूर्वी त्या संघाने आदल्या राउंडला काय वाचवले होते, ते पाहावे.

त्या रात्री आमच्यामागे मित्राचे वडील बसले होते. निफाडला त्यांची शेती आहे. उन्हाळ कांदा नुकताच निघत होता आणि डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी असल्यामुळे माल विकावा की ठेवावा, हाच विषय घरात चालू होता. मी दोन शब्दांतला फरक सांगितला, तेव्हा काका म्हणाले, ‘‘म्हणजे एकाने यंदा पेरलंच नाही, अन् दुसऱ्याने काढलेला माल चाळीत भरला.’’ मला याहून नेमके सांगता आले नसते. मग थोड्या वेळाने त्यांनीच विचारले, ‘‘पण या राउंडला तर कोणीच काही राखत नाहीये, सगळे मरायलाच पळतायत. असं का?’’ तो बारावा राउंड होता. बारा राउंडनंतर संघ बाजू बदलतात, आणि तेव्हा सर्वांचे पैसे व बंदुका काढून घेऊन पुन्हा ८०० डॉलरपासून सुरुवात होते, त्यामुळे त्या राउंडला इकोही व्यर्थ आणि सेव्हही व्यर्थ. काकांनी हात झटकला. ‘‘चाळच मोडणार म्हटल्यावर माल ठेवून करायचं काय,’’ असे म्हणून ते झोपायला गेले.