काखेतला काळेपणा नेमका कुठे आहे?

काख काळी दिसू लागली की माणूस आधी ती घासतो, मग लिंबू चोळतो. त्याआधी आरशासमोर हात वर करून एवढंच बघावं, की काळेपणा खोलगट मध्यभागी आहे की कडेकडेनं. डिओडरंट मध्यभागी लागतो, म्हणून त्याचा त्रासही बहुधा तिथूनच सुरू होतो. कपड्याचा रंग किंवा त्यावरची रसायनं बाधत असतील, तर कापड घासतं त्या कडा बिघडतात आणि मधला खळगा बऱ्याचदा स्वच्छ राहतो.

काळा रंग ही मागाहून उमटणारी खूण आहे. त्वचेचा दाह झाला की रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी जास्त मेलॅनिन तयार करून आजूबाजूच्या पेशींना देतात. ते वरच्या थरातच राहिलं तर काही महिन्यांत फिकं होतं. खालच्या थरात झिरपलं, तर तिथल्या भक्षक पेशी ते गिळून धरून ठेवतात आणि डाग वर्षानुवर्षं रेंगाळतो. सावळ्या त्वचेत दाहाची लाली सहसा ठळक दिसत नाही. बारीकशी खाज येऊन जाते, तिकडे लक्ष जात नाही, आणि एकदम काळेपणाच नजरेस पडतो. अशा वेळी घासणं म्हणजे नवा दाह, आणि त्यातून आणखी मेलॅनिन. रेझर आणि वॅक्सिंगनंही हेच होतं.

डिओडरंटवर संशय आला की लोक अ‍ॅल्युमिनियमला धरतात. ते असतं अँटिपर्स्पिरंटमध्ये, म्हणजे घाम रोखणाऱ्या उत्पादनात. त्याचे क्षार घामाच्या नळीचं तोंड बुजवतात, कधी चुरचुरही होते, पण त्यांची खरी अ‍ॅलर्जी क्वचितच आढळते. नेहमीचा गुन्हेगार म्हणजे सुगंध. लिमोनीन, लिनालूल यांसारखे सुगंधी घटक हवेशी संयोग पावून जास्त अ‍ॅलर्जीकारक होतात, आणि ‘नैसर्गिक’ सुगंधी तेलांतही तेच असतात. बेकिंग सोडा घातलेल्या डिओडरंटची तऱ्हा वेगळी. त्वचा किंचित आम्लधर्मी असते, सोड्याचा पीएच मात्र 8 च्या वर. इथे अ‍ॅलर्जीची गरजच नसते, त्वचा थेट चिडते.

‘इतकी वर्षं हाच वापरतोय, मग आताच कसं?’ हा प्रश्न हमखास येतो. अ‍ॅलर्जी अशीच वागते: शरीर एखाद्या घटकाविरुद्ध सज्ज व्हायला कधी वर्षंही लागतात. त्यानंतरही पुरळ लावल्याबरोबर उठत नाही, एक-दोन दिवसांनी उठतं. त्यामुळे दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

घरी करण्यासारखं म्हणजे काही आठवडे काखेला काहीच न लावणं. त्वचा शांत झाली की तोच डिओडरंट कोपराच्या आतल्या बाजूला रोज दोनदा, आठ-दहा दिवस लावून बघावा. खाज सुटली की तिथेच थांबावं. नक्की घटक शोधायचा तर त्वचारोगतज्ज्ञांची पॅच टेस्ट लागते. त्यात पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या 48 तासांनी काढतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा तपासतात. नवा डिओडरंट घेताना ‘अनसेंटेड’वर भागवू नये. वास लपवण्यासाठी त्यातही सुगंधी द्रव्य असू शकतं. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ बघावा.

सगळाच काळेपणा डिओडरंटचा नसतो. त्वचा जाडसर, मखमलीसारखी झाली असेल आणि मानेवरही तसंच दिसत असेल, तर ते बरेचदा शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झाल्याचं लक्षण असतं. अशा वेळी क्रीम आणण्याआधी रक्तातली साखर तपासावी. रेखीव कडांचा, बारीक खवले सुटणारा तपकिरी चट्टा एरिथ्राझ्मा नावाचा जिवाणूसंसर्ग असू शकतो. वुड्स लॅम्पच्या अतिनील प्रकाशात तो पोवळ्यासारखा लालसर चमकतो आणि अँटिबायोटिकनं बरा होतो.

राहिला प्रश्न गोरं करणाऱ्या क्रीमचा. काहींत स्टेरॉइड असतं, आणि काखेच्या घडीत ते इतर ठिकाणापेक्षा जास्त शोषलं जातं. स्वतःच्या मनानं महिनोन्‌महिने लावलं तर त्वचा पातळ होऊन तिच्यावर ताणाचे पट्टे उमटतात, आणि ते पट्टे जात नाहीत.