मोठ्या शिकारीचं काडतूस: नळीचं माप आणि गोळीची घडण

हत्ती, गवा, रानरेडा, वाघ किंवा मूस (उत्तरेकडच्या थंड मुलखातलं अवाढव्य हरीण) यांसारख्या मोठ्या जनावरासाठी कुठलं काडतूस घ्यावं, हा वाद दीडशे वर्षांहून जुना आहे. तो बहुतेक वेळा नळीच्या मापावरच घुटमळतो. .३७५ पुरेल की .४५८ लागेल (हे आकडे नळीच्या व्यासाचे, इंचात)? जड, संथ गोळी चांगली की हलकी आणि वेगवान? पण या वादाचा इतिहास पाहिला तर पुन्हा पुन्हा दिसतं की निकाल लागला तो गोळीच्या घडणीवर. हाड लागल्यावर गोळी फुटते, वाकते, उमलते की सरळ आत जाते, यावर सगळं ठरत आलं. आणि प्रश्न केवळ शिकाऱ्यांच्या हौसेचा नव्हता. चुकीच्या गोळीने जनावर मरत नाही, जखम घेऊन रानात जातं. त्याची किंमत आधी ते जनावर मोजतं, मग कधी कधी माणसंही मोजतात.

बोलताना आपण सबंध काडतुसालाच गोळी म्हणतो. इथे काडतूस म्हणजे पितळी केस, बुडाची टोपी, आतली दारू आणि पुढचा धातूचा तुकडा हे सगळं मिळून. गोळी म्हणजे फक्त तो पुढचा तुकडा.

काळ्या दारूच्या जमान्यात शिकाऱ्याच्या हाती एकच उपाय होता: गोळी मोठी करणं. काळी दारू कितीही ठासली तरी गोळीचा वेग एका मर्यादेपलीकडे जात नाही, म्हणून वजन वाढवायचं. बोअरचा हिशेबही वजनाचाच आहे. एक पौंड शिशात नळीच्या मापाच्या जितक्या गोल गोळ्या बसतील, तितका त्या बंदुकीचा बोअर. या हिशेबाने १२ बोअरची गोळी साधारण ३८ ग्रॅमची, ८ बोअरची ५७ ग्रॅमची आणि ४ बोअरची तब्बल ११३ ग्रॅमची. इंग्रज शिकारी आणि प्रवासी सर सॅम्युअल बेकर १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला नाईलच्या उपनद्यांच्या मुलखात हिंडत होता, तेव्हा त्याच्याकडे 'बेबी' नावाची रायफल होती. ती अर्ध्या पौंडाचा स्फोटक गोळा फेकायची. तिचा बार काढायची खुद्द बेकरला धास्ती वाटे, आणि बेकर अंगापिंडाने चांगला दणकट माणूस होता. आफ्रिकेतला नामांकित शिकारी फ्रेडरिक सेलूस याने १८७० च्या दशकात ४ बोअरच्या ठासणीच्या बंदुकांनी हत्ती मारले आणि पुढे लिहून ठेवलं की त्या बंदुकांना हात लावला नसता तर बरं झालं असतं. त्यांच्या धक्क्याने त्याचा नेमच कायमचा बिघडला होता.

इतकं करूनही मऊ शिसं हत्तीच्या कवटीवर चपटं व्हायचं. मग त्यात कथील किंवा पारा मिसळून ते कडक करण्याचे प्रयोग झाले. दुसरीकडे याच काळात 'एक्स्प्रेस' रायफली निघाल्या. हे नाव लंडनचा बंदूक कारागीर पर्डी याने १८५६ मध्ये आपल्या रायफलीला दिलं ते आगगाडीवरून. कल्पना अशी की गोळी हलकी करायची, टोकाला पोकळ ठेवायची, दारू भरपूर भरायची. हरणावर हे उत्तम चालायचं. पण वाघाच्या किंवा गव्याच्या खांद्याच्या हाडावर ती गोळी वरच्यावर फुटायची. मोठी, भेसूर दिसणारी, पण उथळ जखम व्हायची. म्हातारपणी बेकरने वाघासाठी सल्ला दिला तो .५७७ च्या रायफलीचा, आणि गोळी मात्र पोकळ टोकाची नको, सबंध शिशाची हवी असा त्याचा आग्रह होता. नळीइतकाच विचार गोळीचाही करा, हे त्याने काळ्या दारूच्या काळातच सांगून ठेवलं होतं.

१८८० च्या दशकात सगळं पालटलं. स्वित्झर्लंडच्या एडुआर्ड रुबिनने शिशावर तांब्याचं कवच चढवलं. फ्रान्सच्या पॉल व्हिएलने १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली. ब्रिटनने १८८८ मध्ये सैन्यासाठी .३०३ मापाची रायफल स्वीकारली आणि पाठोपाठ कॉर्डाइट ही स्वतःची बिनधुराची दारू आणली. वेग वाढला, नळी बारीक झाली, आणि एक नवीच अडचण उभी राहिली. संपूर्ण कवचाची बारीक गोळी अंगातून आरपार जायची आणि समोरचा थांबायचाच नाही. १८९५ च्या, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या मोहिमेनंतर ब्रिटिश सैन्यातून ही तक्रार जोरात झाली. त्यावर कोलकात्याजवळच्या दमदम शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले याने गोळीच्या टोकावरचं कवच काढून शिसं उघडं ठेवलं. अंगात शिरताच ते टोक अळंबीसारखं उमलायचं. १८९९ च्या हेग परिषदेने अशी गोळी युद्धात वापरायला मनाई केली. शिकारीत मात्र तीच कल्पना मऊ टोकाची गोळी म्हणून कायम राहिली. आजही बहुतेक शिकारी काडतुसांत असते ती गोळी याच घराण्यातली. युद्धात जे क्रूर ठरलं तेच शिकारीत दयेचं मानलं गेलं, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण कारण साधं आहे. आरपार गेलेल्या कवचाच्या गोळीने हरीण दोन दिवस तडफडतं, उमललेल्या गोळीने ते काही सेकंदांत पडतं.

हत्तीसाठी मात्र उमलणारी गोळी कुचकामी. तिथे पोलादी कवचाची, सबंध, न वाकणारी गोळीच हवी. १८९८ मध्ये लंडनचा बंदूक कारागीर जॉन रिग्बी याने .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणली (नायट्रो म्हणजे बिनधुराची दारू). हा गृहस्थ आधी एनफिल्डच्या सरकारी बंदूक कारखान्याचा अधीक्षक होता, नवी दारू त्याला आतून माहीत होती. ३१ ग्रॅमची गोळी, वेग सेकंदाला साधारण ६५५ मीटर. आठ बोअरच्या बंदुकीचं काम आता त्यापेक्षा कितीतरी हलकी दुनळी रायफल करू लागली, तीही धुराचा पडदा न उभा करता. तो पडदा नसणं ही मोठीच गोष्ट होती. काळ्या दारूचा बार काढला की जखमी हत्ती कुठे वळला हे शिकाऱ्याला धूर विरल्यावरच कळायचं.

या काडतुसांच्या आकारामागे हिंदुस्थान आणि आफ्रिकेचं ऊन आहे. कॉर्डाइट तापलं की दाब वाढतो. इंग्लंडच्या थंडीत व्यवस्थित चालणारं काडतूस मे महिन्यात मध्य प्रांतात केस फुगवून नळीतच अडकवायचं, आणि समोर वाघ असताना केस अडकणं म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून इंग्रज कारागिरांनी केस मुद्दाम लांबलचक, ऐसपैस केल्या, दाब कमी ठेवला. १९११ ची .४१६ रिग्बी इतकी जाडजूड दिसते ती यामुळेच. १९१२ मध्ये हॉलंड अँड हॉलंडने काढलेल्या .३७५ मॅग्नमची केस बुडाकडून तोंडाकडे निमुळती होत जाते. त्यामुळे ती उन्हातही अलगद सुटते. तिच्यासाठी १५, १७.५ आणि १९.४ ग्रॅम अशा तीन वजनांच्या गोळ्या ठेवल्या होत्या. एकाच रायफलीने सांबर आणि हत्ती दोन्ही साधावेत, फक्त गोळी बदलावी, असा तो विचार होता. माझ्या मते सगळ्या काडतुसांत सर्वांत शहाणं काडतूस हेच. शंभर वर्षांनंतरही ते जगभर विकलं जातं, यात नवल नाही.

मधल्या काळात हिंदुस्थान सरकारच्या एका हुकमाने काडतुसांची यादीच बदलून टाकली. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० मापाच्या दारूगोळ्याला बंदी घातली. ब्रिटिश सैन्याच्या जुन्या, चोरलेल्या मार्टिनी-हेन्री रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, त्यांचं माप .४५०. शिकाऱ्यांच्या काडतुसांतल्या गोळ्या त्यांत वापरल्या जातील ही भीती. सुदानमध्येही तसंच. आता हिंदुस्थान ही तर लंडन-बर्मिंगहॅमच्या रायफलवाल्यांची बडी बाजारपेठ. संस्थानिक, वनाधिकारी, चहामळेवाले, सगळे गिऱ्हाईक. कारागिरांनी माप जरासं वाढवलं आणि .४६५, .४७०, .४७५, .४७६ अशी काडतुसं बाजारात आली. ताकदीत त्यांच्यात आणि .४५० मध्ये नाव घेण्याजोगा फरक नाही. आज .४७० चे चाहते तिच्या मापात जे खास गुण शोधतात, त्यांनी हा हुकूम लक्षात ठेवावा. ते माप बॅलिस्टिक्सने, म्हणजे गोळीच्या गतीच्या शास्त्राने, ठरवलं नव्हतं.

याच सुमाराला आफ्रिकेत डब्ल्यू. डी. एम. बेल, ज्याला 'करामोजो' बेल म्हणत, तो ७ मिलिमीटरच्या माउझर काडतुसाने हत्ती मारत होता. हेच काडतूस रिग्बीच्या दुकानात .२७५ नावाने मिळे. गोळी जेमतेम ११ ग्रॅमची. त्याच्या नावावर हजाराहून अधिक हत्ती आहेत आणि त्यातले बहुतेक या लहान काडतुसाने पडले. इतके हत्ती हस्तिदंतासाठी मारले गेले हे वाचताना आज मन विषण्ण होतं. पण त्याची पद्धत समजून घ्यायला हवी. बेलने हत्तीची कवटी करवतीने चिरून मेंदू नेमका कुठे असतो ते पाहिलं. त्याची गोळी लांब, समान जाडीची, पूर्ण कवचाची होती. अशी गोळी हाडातून जाताना वाट सोडत नाही. नेम मेंदूवर आणि गोळी सरळ जाणारी, मग माप किती याला फारसा अर्थ उरत नाही.

उलट बाजूने आफ्रिकेतलाच शिकारी जॉन 'पोंडोरो' टेलर याने १९४८ मध्ये एक सूत्र मांडलं: गोळीचं वजन, वेग आणि व्यास यांचा गुणाकार. मेंदू थोडक्यात हुकला तर हत्ती किती वेळ बेशुद्ध राहील याचा तो अंदाज होता. नंतरच्या लोकांनी तो सगळ्या जनावरांना लावला, आणि ते चुकीचं आहे, कारण सूत्रात गोळी कशी घडवली आहे याला जागाच नाही.

मराठी वाचकांना या काळाची ओळख आहे ती मुख्यतः जिम कॉर्बेटमुळे. १९०७ मध्ये त्याने चंपावतची वाघीण मारली आणि त्याबद्दल त्याला रिग्बीची .२७५ भेट मिळाली. पुढच्या बऱ्याच मोहिमांत त्याच्या हाती .४५०/४०० ची (.४५० ची केस, गोळी .४०० ची) दुनळीही असे. चारशेहून अधिक बळी या वाघिणीच्या नावावर सांगितले जातात. मेल्यावर तिचं तोंड पाहिलं तेव्हा उजव्या बाजूचे वरचा आणि खालचा असे दोन्ही सुळे तुटलेले आढळले. जुनी गोळी लागून ते तुटले होते. नेहमीची शिकार धरता येईना म्हणून ती माणसांकडे वळली, असा कॉर्बेटचा निष्कर्ष. कुणीतरी कधीतरी एक बार काढला, वाघीण मेली नाही, आणि त्याचं देणं कुमाऊंतल्या गावांनी फेडलं. काडतुसाची निवड हा छंदिष्टांचा विषय आहे असं वाटणाऱ्यांनी हे दोन सुळे आठवावेत.

पुढचा मोठा टप्पा अमेरिकेतला. १९४६ मध्ये जॉन नोस्लर कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला. हाती .३०० हॉलंड मॅग्नम, म्हणजे ताकदीची कमतरता मुळीच नाही. पण चिखलाने लडबडलेल्या मूसच्या खांद्यावर गोळ्या वरच्यावर फुटत राहिल्या. वेग वाढला होता, गोळीची घडण तीच राहिली होती. परत आल्यावर त्याने तांब्याच्या मिश्रधातूची सळई घेतली, दोन्ही टोकांनी पोखरली आणि मध्ये एक आडवी भिंत राखली. दोन्ही पोकळ्यांत शिसं भरलं. आता पुढचा भाग हाडावर आदळून उमलतो, भिंतीशी येऊन थांबतो, आणि मागचा अर्धा भाग तसाच जड राहून खोल जातो. 'पार्टिशन' नावाची ही गोळी विकणारी कंपनी १९४८ मध्ये सुरू झाली. जर्मनीत आरडब्ल्यूएस कंपनीची एच-मँटल गोळी याच तत्त्वावर आधीपासून बनत होती, तेव्हा शोधाचं सगळं श्रेय एकट्या नोस्लरला देता येत नाही. पण मधल्या ताकदीच्या काडतुसाने मोठं जनावर खात्रीने पडू शकतं, हे सर्वसामान्य शिकाऱ्याला पटलं ते पार्टिशनमुळे.

कायदे मात्र या शिकवणीच्या मागेच राहिले. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांनी हत्ती आणि रानरेड्यासाठी .३७५ हे किमान माप ठरवलं. जर्मनीचा कायदा लाल हरणासाठी किमान ६.५ मिलिमीटर माप आणि १०० मीटरवर २००० ज्यूल ऊर्जा मागतो. स्वीडन ऊर्जेसोबत गोळीचं वजनही पाहतं. व्यास, ऊर्जा, वजन ही मोजायला सोपी, म्हणून कायद्यात बसली. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्न वन खात्यापुरता उरला: माणसांवर उठलेलं एखादं जनावर मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देतो तेव्हा. त्याआधीच, १९६० च्या दशकात, इंग्लंडच्या कायनॉकने मोठी नायट्रो एक्स्प्रेस काडतुसं बनवणं थांबवलं होतं, त्यामुळे संस्थानिकांच्या शस्त्रागारांतल्या देखण्या दुनळी रायफली काडतुसांविना पडून राहिल्या.

गोळी कशाची बनलेली आहे हे कायद्याला विचारावं लागलं ते गिधाडांमुळे. कॅलिफोर्निया काँडॉर या अमेरिकी गिधाडाची संख्या १९८२ मध्ये २२ वर आली होती. १९८७ मध्ये उरलेले सगळे, एकूण २७ पक्षी, पिंजऱ्यात घेऊन वाचवावे लागले. प्रजनन करून पुन्हा सोडलेले पक्षी मरू लागले ते बहुतांशी शिशाच्या विषबाधेने. शिकाऱ्याने मागे टाकलेली आतडी ते खातात. मारलेल्या हरणांचे क्ष-किरण फोटो काढले तर जखमेच्या भोवती दूरवर शिशाचे बारीक कण विखुरलेले दिसतात, कधी शेकड्याने. वेगवान गोळीत फुटणारं शिसं ही बेकरच्या काळापासूनची तक्रार, आता ती पक्ष्यांच्या रक्तात सापडली. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या.

पर्याय तयार होता. रँडी ब्रूक्सने बार्न्स कंपनीत १९८९ मध्ये सबंध तांब्याची, पोकळ टोकाची गोळी आणली होती. ती चार पाकळ्यांत उघडते, वजन जवळजवळ सगळं टिकवते आणि मागे कण सोडत नाही. तांबं शिशापेक्षा हलकं असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते, आणि लांब गोळी स्थिर राहायला नळीतले आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) जास्त वळणाचे लागतात. जुन्या रायफलींत म्हणून थोडी हलकी गोळी घ्यावी लागते. ती कमी पडत नाही, कारण फुटून वजन गमावणार नसते. २०२४ च्या एप्रिलपासून डेन्मार्कनेही शिकारी रायफलीत शिसं बंद केलं.