बिल्डरची पाच वर्षं आणि घराचा विमा: भिंतीतला जुना दोष कोणाच्या खात्यात?

बेडरूमच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे सुटायला लागले, की घरात विचारणा होते, ‘आपण विमा काढलाय ना?’ नव्या फ्लॅटमध्ये त्याआधी ताब्याची तारीख बघा. तिथे बहुधा आधी बिल्डरला गाठायचं असतं.

२०१६ च्या रेरा कायद्याचं, म्हणजे बिल्डरच्या व्यवसायावर नियम घालणाऱ्या कायद्याचं, कलम १४(३) सांगतं की ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष तुम्ही बिल्डरच्या नजरेस आणून दिलात, तर त्याने तो ३० दिवसांत स्वखर्चाने दुरुस्त करायचा. नाही केला, तर भरपाई मागता येते. बाथरूमचं वॉटरप्रूफिंग मुळातच कच्चं होतं आणि ओल चौथ्या पावसाळ्यात दिसली, तरी हक्क शाबूत राहतो. दोष आधीपासून होता, हाच इथे तुमचा मुद्दा.

विम्यात नेमका तोच मुद्दा अंगावर येतो. १ एप्रिल २०२१ पासून आलेली ‘भारत गृह रक्षा’ पॉलिसी घटनेचे पैसे देते: आग, वीज, भूकंप, पूर, पाइप फुटणं. आणि ती घटना पॉलिसीच्या मुदतीत घडलेली हवी. नुकसान तपासायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येतो तेव्हा एकात एक उमटलेली पिवळट वर्तुळं, कोपऱ्यातलं शेवाळ, प्लास्टरखालची गंजलेली सळई बघतो. हे काल रात्रीचं नाही, हे त्याला लगेच कळतं. जमीन खचल्याचं नुकसान पॉलिसीत आहे, पण नवी इमारत बसताना पडणाऱ्या नेहमीच्या भेगा आणि सदोष डिझाइन किंवा कारागिरीमुळे खचणं त्यातून वगळलेलं आहे.

बिल्डरच्या बाजूनेही एक अट असते आणि ती सही करण्याआधी प्रत्येकाने वाचावी, असं मला कळकळीने वाटतं. अनेक करारनाम्यांत लिहिलेलं असतं की लेखी परवानगीशिवाय बाथरूम, किचन किंवा नळजोडण्यांत बदल केलात, तर दोषाची जबाबदारी संपली. आपल्याकडे तर किल्ली हातात पडली की आधी टाइल्स फोडतात! कामाला हात लावण्यापूर्वी फोटो काढा, परवानगी मागा, दिसेल तो दोष ईमेलने कळवा. साइटवरच्या माणसाला तोंडी सांगितलेलं पुढे सिद्ध करता येत नाही.

रीसेलचा फ्लॅट घेताना ५ वर्षांचा हिशेब बिल्डरने त्या फ्लॅटचा पहिला ताबा दिल्यापासून धरा, तुमच्या खरेदीपासून नको. सात वर्षं जुन्या फ्लॅटची भिंत आधीच ओली दिसली, तर बिल्डरची मुदत संपलेली असते आणि विमाही त्या जुन्या ओलीचे पैसे देत नाही. दुरुस्तीचा अंदाज काढून तेवढी रक्कम किमतीतूनच कमी करून घ्या.