शिल्पाचं तोंड कुठल्या दिशेला आहे?

बाहेरच्या शिल्पांची आणि निसर्गाची छायाचित्रं काढून घेणाऱ्या ग्राहकांसाठी

फोनवर पहिला प्रश्न बहुधा दराचा असतो. आमचा उलट प्रश्न दिशेचा. मोबाइलमधलं होकायंत्र उघडा, शिल्पाकडे पाठ करून उभे राहा आणि ते कुठे बघतंय ते कळवा. तारीख त्यावरच ठरते.

आमचं काम गोव्यात, आणि गोवा साधारण १५.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्यामुळे मेच्या सुरुवातीला आणि १० ऑगस्टच्या आसपास, असा वर्षातून दोनदा सूर्य थेट डोक्यावर येतो. या दोन तारखांच्या मध्ये भर दुपारचं ऊन उत्तरेकडून पडतं, एरवी दक्षिणेकडून. डिसेंबरात तर माध्यान्हीसुद्धा सूर्य जेमतेम ५१ अंशांवर चढतो. म्हणून दक्षिणेकडे तोंड असलेल्या पुतळ्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी जवळजवळ दिवसभर तिरपा उजेड मिळतो. उत्तराभिमुख पुतळ्याची मात्र पंचाईत आहे. थंडीत त्याचा चेहरा सावलीत असतो, आणि ऊन उत्तरेला सरकतं तोवर जूनचा पाऊस दारात. त्याच्या वाट्याला खरं तर एप्रिलअखेर आणि मे, तेही सकाळी-संध्याकाळी कडेने येणारं ऊन. डिसेंबरात असं काम आलं तर आम्ही फ्लॅश लावून करू, पण घाई नसेल तर थांबाच म्हणू.

आणखी एक. घड्याळात १२ वाजले म्हणजे माध्यान्ह झाली असं नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि गोवा त्याच्या बराच पश्चिमेला, त्यामुळे सूर्य माथ्यावर येतो तो महिन्यानुसार १२:२० ते १२:५० च्या दरम्यान. जेवणाची सुट्टी आम्ही उशिरा घेतो, त्यामागे हेच.

उथळ कोरीव काम असेल तर दिशेइतकाच सूर्याचा उतार महत्त्वाचा. कुशावती नदीच्या काठी पणसायमळला कातळात कोरलेले बैल, हरणं आणि चक्रव्यूह पाहिले असतील. दुपारी गेलात तर नुसता जांभ्याचा सडा, म्हणजे उघडा सपाट कातळ दिसतो. सूर्य खाली आला की प्रत्येक रेघेच्या एका कडेला सावली धरते आणि चित्र उठून येतं. देवळाच्या अंगणातला शिलालेख असो वा तुळशीवृंदावनावरची नक्षी, नियम हाच.

मग दगड-धातूचा प्रश्न. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोर दिसेल ते मध्यम करडं धरून चालतं. दोनापावलाचं पांढरं शिल्प किंवा मंगेशीची दीपमाळ त्याच्या भरवशावर काढली तर मळकट येते, आणि तांबडी सुर्लाच्या महादेव मंदिराचा काळा बेसॉल्ट राखेसारखा फिका पडतो. ते आम्ही हाताने दुरुस्त करतो. तुम्ही लक्षात ठेवायचं ते इतकंच, की पांढऱ्या कामाला ढगाळ दिवस मानवतो आणि काळ्याला ऊन. भिजलेल्या दगडावरची चकाकी पोलरायझर फिल्टर कमी करतो. ब्राँझवर त्याची मात्रा चालत नाही. ब्राँझमध्ये आभाळाचं प्रतिबिंब पडतं, म्हणून आमच्या गाडीत काळ्या कापडाचा मोठा तागा असतो. त्याला हसू नका.

निसर्गचित्रांबद्दल रिसॉर्टवाल्यांना खास विनंती. फेब्रुवारीत येऊन हिरवे सडे मागू नका. तेव्हा गवत वाळून पिवळं झालेलं असतं. हिरवं हवं असेल तर गणेश चवथीच्या मागच्या-पुढच्या उघडिपीत काम करू. ऑक्टोबरात पावसाने धुतलेली हवा, खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या बांधाच्या शेतात, पिकलेलं भात आणि लांबवर स्वच्छ दिसणारा घाट, आमच्या मते वर्षातला सर्वांत चांगला पंधरवडा तोच. कुळागरातलं, म्हणजे पोफळीच्या बागेतलं काम मात्र आम्ही ढगाळ दिवशीच घेतो. उन्हात पोफळींखाली नुसते कवडसे पडतात.

परवानग्या. पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ताब्यातल्या वास्तूत ट्रायपॉड लावायचा तर आधी परवानगी लागते. अर्ज आम्ही करतो, पण वेळ हाताशी ठेवा. दाबोळी नौदलाचा तळ असल्याने त्या भागात ड्रोनचं काम आम्ही गृहीत धरत नाही. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचं छायाचित्र काढून छापायला १९५७ चा कॉपीराइट कायदा मुभा देतो. तुमच्या खासगी अंगणातल्या शिल्पाला ही सवलत नाही, तेव्हा शिल्पकाराची लेखी संमती जोडा.

काम ठरवताना दिशा, उंची, माध्यम आणि शिल्पामागे काय दिसतं याचा मोबाइलवरचा एक साधा फोटो पाठवा. मागे विजेच्या तारा किंवा पाण्याची टाकी असेल तर तीही दिसू द्या, लपवू नका. पावसामुळे तारीख पुढे गेली तर वेगळे पैसे घेत नाही. पुतळ्याला आदल्या दिवशी नवा रंग दिला असेल तर मात्र तो सुकेपर्यंत आम्ही येणार नाही.